लिंक दिली म्हणून

रमजानच्या दुसऱ्या जुम्याला, दुपारच्या नमाजाआधी, आमच्या गल्लीतल्या खालाची तक्रार कचऱ्यात गेली. ती पायथन या संगणकाच्या भाषेतल्या एका ओळीनं टाकली. पण ती ओळ माणसानंच लिहिली होती.

खाला गोधड्या शिवते. तिच्या नळाला गटाराचं पाणी येत होतं आणि नात काविळीनं आडवी झाली होती. पाण्याचा ठेका घेतलेल्या कंपनीच्या तक्रारपानावर ठळक लिहिलंय: फोटो जड असेल तर त्याची लिंक द्या. मी बादलीतल्या काळ्या पाण्याचा फोटो काढून इंटरनेटवर चढवला आणि लिंक जोडली. ‘तक्रार मिळाली’ असा मेसेजही आला. नंतर कुणी फिरकलं नाही. शेजाऱ्यानं मात्र नुसत्या शिव्या लिहून पाठवल्या होत्या. त्याच्याकडं दुसऱ्याच दिवशी माणूस आला.

ईद झाल्यावर खालाला घेऊन कंपनीच्या सात रस्ता चौकातल्या ऑफिसात गेलो. तिथला प्रोग्रॅमर माझ्याच वयाचा. त्यानं शोधलं, तक्रार सापडेना. मग त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली.

"जाहिरातींच्या लिंका लई यायच्या की. म्हणून हा रेगेक्स लावला, मजकुरात ठरावीक अक्षरं हुडकायचा साचा. http, मग दोन तिरक्या रेघा, पुढं काहीही. असं कुठं जुळलं की अख्खा मजकूर कचऱ्यात."

"आणि कचरा कोण बघतं?"

"कचरा कुणी बघतं का?"

"अहो, लिंक तुम्हीच मागता."

"ते पान दुसऱ्यांनी केलंय. तुम्ही लिंक काढून परत टाका, जाईल."

खाला मला म्हणाली, "फोटू नक्को तो घरकू आओ बोल इसकू, बेटा. एक गिलास पिलाती मैं."

तो हसला. मला हसू आलं नाही. लॉटरीची लिंक आणि काळ्या बादलीची लिंक त्या ओळीला सारखीच. तिला पत्त्याचा आकार तेवढा कळतो. आत काय आहे ते बघायचं काम माणसाचं होतं. ते यांनी सरळ उडवलं, आणि ज्यांनी सांगितल्याप्रमाणे पुरावा दिला त्यांनाच खोटं पाडलं.

ओळ बदलायला साहेबांची परवानगी लागते म्हणे. खालाच्या नळाला आजही तेच पाणी येतं.

त्या पानावर तुम्हीही लिंक देऊन तक्रार केली असेल, तर ती तिथंच कुजतेय. सोमवारी ऑफिस उघडताच सात रस्त्याला या. तो कचरा आपल्यासमोर उघडायला लावा, आणि एकेक तक्रार वाचून तिची नोंद होईपर्यंत तिथून उठू नका.