तावड्यांच्या ग्रूपची गणपूर्ती

रमेश तावड्यांना सभेचं वेड होतं. बोळिंजच्या आमच्या सोसायटीचे ते सचिव. टाकीचं झाकण बदलायचं तरी सूचक, अनुमोदक, हरकत, मंजुरी सगळं यथासांग व्हायचं. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर तर अख्खा दिवस मोकळा. अशा माणसाच्या हाती कॉम्प्युटर देऊ नये. त्यांच्या मुलीनं, अश्लेषानं, तो दिला.

पोरगी एमबीबीएस झाली होती, पण एमडीची प्रवेशपरीक्षा पहिल्या खेपेला हुकली. बरोबरीचे सगळे मुंबईच्या होस्टेलांत एकत्र अभ्यास करत, ही इथे एकटी. पुढच्या वेळीही हुकली तर नाद सोडून कुठल्यातरी दवाखान्यात नोकरी धरायची, असं तिनं ठरवलं होतं. म्हणून २००४ साली तिनं आणि आचोळ्याच्या दीपेशनं आपल्यासारख्याच डॉक्टरांचा इंटरनेटवर ग्रूप काढला. रोज एक प्रश्न टाकायचा, सगळ्यांनी ई-मेलवर उत्तर द्यायचं. लातूर, अकोला, सांगली, कुठून कुठून पोरं आली. येणाऱ्यांना दाखल करून घ्यायला तिला वेळ होईना, तेव्हा तिनं पासवर्ड बाबांना दिला.

झालं. तावडे रोज सकाळी आदल्या दिवशीच्या चर्चेचं इतिवृत्त इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत टाइप करून कायम करू लागले. मग गैरहजरांना नोटिसा. अकोल्याच्या एका डॉक्टरला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी 'कारणे दाखवा' गेली, आणि त्या बिचाऱ्यानं कारण दाखवलंही.

इथवर चाललं. पुढे एका प्रश्नावर वाद झाला. मनगट लुळं पडलं तर कोणती नर्व्ह दुखावलेली असते, रेडियल की अल्नर? जाणती पोरं रेडियल म्हणत होती, काही अल्नरवर अडून बसली होती. शहाण्यानं पुस्तक उघडलं असतं. तावड्यांनी मतदान पुकारलं. त्याला गणपूर्ती होईना, म्हणून त्यांनी आमच्या बिल्डिंगलाच सहयोगी सभासद करून घेतलं आणि मतं गोळा करत दारोदार फिरले. हंसाबेननी मेंटेनन्स वाढणार का एवढं विचारून अल्नरला मत दिलं. तळमजल्यावरच्या कॅथरिनबाईंना अल्नर हे नाव जास्त घरंदाज वाटलं. मी इतिहासाची पदवीधर, तटस्थ राहिले. अल्नर बहुमतानं मंजूर, विषय बंद.

सांगलीच्या मुलींनी त्याच दिवशी ग्रूप सोडला. पाठोपाठ लातूर निघालं. मी संध्याकाळी तावड्यांकडे गेले होते, तेव्हा अश्लेषा बापासमोर उभीच होती.

"बाबा, मी तुमच्यावर अविश्वास ठराव मांडते."

तावड्यांचा चेहरा पडला, पण नियम तो नियम. "अनुमोदक?"

"मी आहे," अश्लेषाची आई, सुमेधावहिनी, स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

"तू सहयोगी आहेस. तुला अधिकार नाही."

"मनगटाला मत मागायला आलात, तेव्हा होता?"

तावड्यांनी राजीनामा लिहिला, स्वतःच स्वीकारला आणि त्यावर 'पोच मिळाली' असा शेराही मारला.

गेलेली पोरं परत आली, पण ग्रूपचा जीव गेला. प्रश्न कधी पडे, कधी नाही. उत्तरांऐवजी सिनेमे चर्चेला आले, एकानं जुना स्टेथोस्कोप विकायला काढला. परीक्षा तोंडावर आलेली. अश्लेषा चिडचिड करी, पण बापाला बोलवायला तिची जीभ रेटेना. शेवटी दीपेश घरच्या केळ्यांची सुकेळी घेऊन आला.

"काका, तुमची नोटीस आल्याशिवाय कोणी पुस्तकच उघडत नाय."

तावडे सुकेळी खात राहिले. मग म्हणाले, "अटी?"

अट एकच होती, आणि ती अश्लेषानं सांगितली. उत्तर पुस्तक ठरवणार, हजेरी तुम्ही घ्या. त्या दिवसापासून परीक्षेपर्यंत एकही डॉक्टर सुखानं झोपला नसावा.

अश्लेषाला बालरोगशास्त्राची जागा मिळाली. मनगटाचा प्रश्न नेमका आला होता. ती म्हणाली, सगळी बिल्डिंग जिथे चुकली ते उत्तर मी जन्मात विसरेन का?

सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेत, आयत्या वेळच्या विषयांत, तावडे उठले. आधी पाणी प्यायले. अल्नरबाबतचा पूर्वीचा निर्णय रद्द करून तिथे रेडियल वाचावे, असा ठराव त्यांनी मांडला. कॅथरिनबाईंनी अनुमोदन दिलं. मी या वेळी हात वर केला.

हंसाबेननी विचारलं, "यानं मेंटेनन्स वाढणार का?"