फरशीवाल्याचा पाय

तो फरश्या बसवायचा. हात इतका सफाईदार, की दोन फरश्यांच्या सांध्यावर नख अडायचं नाही. घराची मालकीण काम बघायला आली की म्हणायचा, "चपला काढा वहिनी, फरशीला गुदगुल्या होतात."

उकिडवं बसून बसून कंबर धरली. गोळ्या घेतल्या, पुढे त्याही पुरेनात. मग ओळखीच्या एका रंगाऱ्याने स्वतःच्या घरात शिजवलेलं कसलंसं औषध त्याला सुईने टोचलं. दुखणं कुठल्या कुठे पळालं. पुढे दुखत नसलं तरी तो टोचून घ्यायला लागला.

थोरली बहीण आणि तो एकत्र राहत. ती लोकांच्या कपड्यांना इस्त्री करायची. एकदा त्याच्या पँटवर इस्त्री फिरवताना वाफेबरोबर सडक्या मांसासारखा वास उठला. तिने त्याला बसवून पँट वर करायला लावली. पोटरी हिरवी-काळी पडली होती, कातडीला खवले धरले होते आणि मधलं मांस गळून आत पांढरं हाड दिसत होतं.

"अरे, हे कधीपासून?"

"दुखत नाही गं ताई," तो म्हणाला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी तिला बाजूला घेतलं. "घरी बनवलेल्या या औषधात तेजाब आणि काय काय राहून जातं. टोचतात तिथल्या शिरा जळतात, मांस जागच्या जागी मरतं."

"पाय वाचेल ना?"

"आधी त्याला वाचवू द्या."

पाय मांडीतून कापला. रंगारी स्वतःही तेच टोचून घ्यायचा; त्याच सुमारास तो रक्तात विष भिनून गेला. ते ऐकून भावाने बहिणीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. ती स्वतः त्याला व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेली. परत आला तेव्हा चार घास नीट जेवायलाही लागला होता.

एका दुपारी ती कपडे पोचवून आली, तर तो भिंतीला टेकून बसलेला, बाही वर, सुई दंडात. कोणी आणून दिलं, ते त्याने सांगितलं नाही.

"ओरडू नकोस ताई. मला थांबता येत नाही."

ती ओरडली नाही. रागावून, रडून, कोंडून, सगळं करून झालं होतं. त्याच्या कोपराजवळची कातडी हिरवट दिसत होती.

"ऊठ, दवाखान्यात जाऊ."

"उद्या," तो म्हणाला आणि तिच्या खांद्यावर मान टाकून झोपला. त्याला एकटीने उचलणं तिला झेपणारं नव्हतं. ती तशीच बसून राहिली.