दोन्ही लाइट एकदम गेले

धाकट्या बहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, संध्याकाळी बार्शीटाकळीला होतं, आणि त्याच दुपारी आमच्या गाडीचे समोरचे दोन्ही लाइट बंद पडले. म्हणजे तसं आमच्या ह्यांनी सांगितलं. अकोल्यात घराला लागूनच त्यांचं गाड्यांच्या लाइटचं दुकान आहे.

"एलईडीचा ड्रायव्हर गेला. दोन्हीकडचा. अमरावतीहून मागवा लागते. अंधारात कसं जाऊ आपण?"

एलईडीला बेताचा करंट देणारं छोटं सर्किट असतं, त्याला ड्रायव्हर म्हणतात. दुकानात चहा नेता नेता हे मला कळलं. तिथं मी बोलत नाही, पण कान काही घरी ठेवून जात नाही. गिऱ्हाइकाला हेच रोज सांगतात, "ड्रायव्हर जाताना लाइट आधी फडफडते, अन् एका बाजूची जाते. दोन्ही एकदम गेल्या तं पहिले फ्यूज पाहा."

ह्यांना जायचंच नव्हतं, आणि त्याचं खरं कारण मला ठाऊक होतं. माहेरच्या मागच्या लग्नात माझ्या बहिणींनी ह्यांना वरातीत नाचवलं होतं आणि त्याचा व्हिडिओ सगळ्या पाहुण्यांना पाठवला होता.

सासरे ओसरीत बसलेले. त्यांच्यापुढे मला वाद घालवत नाही. पिशवी ठेवायच्या निमित्तानं मी गाडीत शिरले आणि फ्यूजच्या डबीचं झाकण काढलं. लाइटचा फ्यूज जळलेला नव्हता, जागेवरच नव्हता. शेजारी हॉर्नचा, तेवढ्याच अँपिअरचा लाल फ्यूज होता. तो उपटून लाइटच्या जागी बसवला आणि पदर सावरून सीटवर बसले.

"अहो, एकदा लावून तर पाहा."

"काहून वं? सांगितलं ना तुले!"

"लावून पाह्यले काय जाते रे?" सासरे ओसरीतून म्हणाले.

ह्यांनी बटन दाबलं. समोरची सावलीतली भिंत लख्ख उजळली. ह्यांचा हात आपोआप शर्टाच्या खिशावर गेला.

"ड्रायव्हर झाला वाटते बरा," मी म्हणाले.

"जा आता," सासरे म्हणाले. "पोरीले उशीर होऊन राहिला."

वाटेत म्हशी आडव्या आल्या. ह्यांनी हॉर्न दाबला. पुन्हा दाबला. माझ्याकडे पाहिलं; मी शेताकडे पाहिलं. विचारायचं तर खिशातला फ्यूज दाखवावा लागला असता. शेवटी खिडकीतून डोकं काढून ओरडले, "हट्! सरक नं वं माय!"

माहेरच्या दारी गाडी थांबली. बहिणींचा पत्ता नव्हता. ह्यांना जरा धीर आला.

"तू हो पुढं, मी लावतो गाडी."

मी उंबऱ्यापर्यंत पोचले नाही तोच मागे हॉर्न जोरात वाजला. काहीही दुरुस्त केलं की लगेच वाजवून पाहायची ह्यांची सवय.

आतून माझ्या बहिणी धावत आल्या. "भाऊजी आले वं! लावा गाणं!"