काकूंचा पट्टा

गॅरेजमध्ये गाड्या येतात, दुरुस्त होतात आणि जातात. किस्से मात्र जात नाहीत राव! ते तिथेच कोपऱ्यातल्या जुन्या टायरांसारखे साचतात. कुणी चहा घेऊन टेकला की आपोआप एखादा घरंगळत बाहेर येतो. आणि आमच्या गॅरेजमध्ये सगळ्यात जास्त किस्से कुणाचे, तर एका लाल गाडीच्या सीट बेल्टचे! इंजिनाचे नाहीत, ब्रेकचे नाहीत, फक्त पट्ट्यांचे.

आधी माणसं सांगते. मी मूळची ठाण्याची. बोईसरला रूम घेऊन राहते, एमआयडीसीत बॅगांचे पट्टे विणणाऱ्या एका कंपनीत क्वालिटी बघते. कुंभवलीच्या जयेशदादाचं गॅरेज कंपनीच्या रस्त्यावरच. माझी स्कूटी एकदा तिथे बंद पडली आणि तेव्हापासून सुट्टीचा दिवस मी तिथेच काढते. जयेशदादाच्या शेजारी सलीममास्टर, सीट कव्हरवाले. वजन शंभरच्या आसपास आणि आत्मविश्वास त्याहून जास्त!

आणि गाडीवाले विलासकाका. केळव्याकडे त्यांची चिकूची वाडी. तरुणपणी डहाणूच्या एका पारशी बावाजींकडून त्यांनी ही गाडी घेतली. दोनच सीट, कापडी छप्पर, लालभडक स्पोर्ट्स कार. आमच्या सगळ्यांच्या वयापेक्षा जुनी. काकांचा तिच्यावर भयंकर जीव.

प्रॉब्लेम एकच. दुसऱ्या सीटवर बसायला काकू तयार नाहीत!

झालं असं होतं की, काही वर्षांपूर्वी रस्त्यात म्हैस आडवी आली. काकांनी ब्रेक मारला. म्हैस वाचली, गाडी वाचली, पण सुमनकाकूंचा जुना पट्टा टर्रकन फाटला आणि त्या डॅशबोर्डवर आपटल्या. पुढचा दात अर्धा गेला. त्यावर काकांचं पहिलं वाक्य काय असावं?

"अगं, काच तर नाय ना फुटली?"

संपलं! त्या दिवसापासून काकूंनी गाडीत पाय ठेवला नाही. लग्नकार्याला काका पुढे लाल गाडीतून एकटे आणि काकू मागून रिक्षाने. अख्ख्या केळव्याने ही वरात बघितलीय. काकांचं एकच स्वप्न, एकदा तरी काकू परत शेजारी बसाव्यात. आणि काकूंचं एकच उत्तर:

"मला धरणारा पट्टा बसवा. मंग बघू."

* * *

काका आमच्याकडे आले तेच मुळी एका हवालदारामुळे.

पट्टे तर फाटलेले. पण रस्त्यावर पट्टा दिसायला हवा ना! मग काकांनी आयडिया केली. काकूंच्या जुन्या साडीचा काळा काठ कापला आणि खांद्यावरून कमरेपर्यंत आडवा टाकून खाली मांडीखाली दाबून ठेवला. लांबून बघितलं तर एकदम सीट बेल्ट!

पालघरच्या नाक्यावर हवालदाराने गाडी थांबवली. पट्ट्यासाठी नाही हो, बघायला! "काय गाडी आहे काका!" म्हणत तो आत वाकला. स्टिअरिंग बघितलं, मीटर बघितले आणि कौतुकाने पट्ट्यावरून हात फिरवला. तर अख्खा काठ त्याच्या हातात!

हवालदाराने काठ उलटासुलटा केला, जरीची वीण बघितली आणि म्हणाला,

"काका, साडी चांगली होती. काकूंना माहितीय का?"

दंड केला नाही त्याने. फक्त म्हणाला, "काठ घरी परत द्या. तीच शिक्षा पुरे."

* * *

जयेशदादाचं पहिलं मत होतं की जुना पट्टा टाकायचा कशाला! मळलाय तेवढा साफ करू, फाटलाय तिथे शिवू.

आता आमच्या तारापूर एमआयडीसीची एक खासियत आहे. इथे प्रत्येकाच्या ओळखीत कुणीतरी केमिकल कंपनीत असतो आणि प्रत्येक घरात एक बिनलेबलची बाटली असते. तिच्याबद्दल विचारलं की उत्तर ठरलेलं, "कंपनीतलं हाय, एकदम जबरदस्त!" फरशी असो, गंज असो, नाहीतर शर्टावरचा डाग, तीच बाटली.

मी ओरडत होते, "दादा, पॉलिएस्टर आहे ते, बघून टाक!" पण दादाने बादलीत अर्धी बाटली ओतली आणि पट्टा बुडवला.

चहा पिऊन येतो तर काय! तो मळून तपकिरी झालेला मरून पट्टा पांढराशुभ्र! बगळ्यासारखा! गाडीच्या पहिल्या मालकानेसुद्धा तो इतका स्वच्छ बघितला नसेल. जयेशदादाने कॉलर ताठ केली, माझ्याकडे बघितलं आणि पट्टा दोन्ही हातांनी ताणला.

भिजलेला पापड कसा तुटतो? तस्सा!

दोन्ही हातांत दोन तुकडे घेऊन दादा उभा. काकांचा चेहरा रडवेला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात दादा म्हणाला,

"पन साफ किती झाला बघा!"

* * *

मग सूत्रं मी हातात घेतली. माझ्या कंपनीत बॅगांचे पट्टे होतात, गाडीचे नाही, आणि दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. बॅगेचा पट्टा तुटला तर कपडे रस्त्यावर येतात, गाडीचा तुटला तर काकू! ओळखीच्या व्यापाऱ्याकडून मी खास सीट बेल्टचाच पट्टा मागवला. माल अस्सल, पण रंग करडा.

काकांना हवा होता मरून. पहिला होता तस्सा! मी म्हटलं, आठवडाभर थांबा, मरून मागवते. पण सलीममास्टर मध्ये पडले.

"अरे मॅडम, कलर ना? बीवी के पतीले में उबाल दूँगा. पक्का कलर, गारंटी!"

दुसऱ्या दिवशी पट्टा खरंच मरून. मास्टरांनी तो काकांच्या सीटला शिवूनसुद्धा दिला. काका खूश होऊन पांढरा कडक शर्ट घालून थेट सफाळ्याला एका लग्नाला गेले. मे महिना, कापडी छप्पर, घामाच्या धारा.

उतरले तेव्हा उजव्या खांद्यापासून डाव्या कमरेपर्यंत शर्टावर चार बोटं रुंद मरून पट्टा! मांडवाच्या दारात बँडवाले वाजवत होते, त्यांच्याही अंगावर तसलेच पट्टे. त्यांच्या मास्तरने वाजवणं थांबवलं, काकांना वरून खाली न्याहाळलं आणि विचारलं,

"शेठ, ऑर्डर आमची आहे. तुमची पार्टी कुठली?"

काका म्हणाले, "माझी पार्टी एकट्याचीच रे बाबा. बायको मागून रिक्षाने येतेय."

* * *

हा किस्सा छोटासाच.

शेवटी व्यापाऱ्याकडून तयार मरून पट्टे आले, नवीन बक्कल आली. काकांची बाजू आधी झाली. दुसरी बाजू नुसती टाचून ठेवली होती. त्या आठवड्यात काका चिकूची पेटी घेऊन आले, आमच्यासाठी. पेटी शेजारच्या सीटवर आणि तिला तो टाचलेला पट्टा व्यवस्थित लावलेला!

मी फोटो काढून काकूंना पाठवला. काकूंचा व्हॉइस मेसेज आला, तीन सेकंदांचा:

"चिकवांना पट्टा! नि माझ्या दाताला?"

* * *

काकूंच्या बाजूला मात्र साधा पट्टा नको, असं आमचं ठरलं. त्यांना हवा सरकणारा. एरवी सैल, आणि झटका बसला की जागच्या जागी अडकणारा. त्याची चक्री मुंबईहून कुरिअरने आली. जयेशदादाने खोका फोडला, चक्री तळहातावर आडवी ठेवली आणि पट्टा ओढला.

हलेना! परत ओढला. हलेना! मास्टरांनी पाय लावून ओढला. चक्री हातातून सुटली, पट्टा तस्साच!

"डुप्लिकेट माल!" दादा पेटला. फोन लावला आणि दुकानदाराची अशी काही पूजा बांधली की समोरचा वडापाववाला तळायचा थांबला. पलीकडून दुकानदारही ओरडत होता, पण दादा ऐकेल तर ना!

शेवटी मी फोन स्पीकरवर टाकला. दुकानदार घसा खरवडून सांगत होता, "अहो, उभी धरा! गाडीत बसते तश्शी! आडवी धरली की ती लॉकच होते! गाडी उलटली असं वाटतं तिला!"

मास्टरांनी चक्री उभी धरली. पट्टा लोण्यासारखा बाहेर. आडवी केली, गच्च! उभी, लोणी! आडवी, गच्च! काकांसकट आम्ही चौघं पाच मिनिटं लहान मुलांसारखे तेच खेळत बसलो.

फोन अजून चालूच होता. दादा खाकरला आणि म्हणाला,

"हां शेठ, आता चालू झाली. तुमी जरा आवाज चढवलात ना, घाबरली ती."

* * *

सगळं बसलं तरी काकूंचा निरोप आला, "ज्यानं शिवलं त्याला टांगून दाखवा."

चेष्टा वाटली ना? काकूंनी खरंच सांगितलं होतं! आणि सलीममास्टर मागे हटणारे थोडेच! "भाभी को बोलो, अभी टांगो!" इंजिन उचलायच्या चेनपुलीला काका, दादा आणि मी त्यांनी शिवलेला पट्टा अडकवला, तो मास्टरांच्या काखेखालून घेतला आणि चेन ओढली. मास्टर जमिनीवरून दोन फूट वर! मी काकूंना व्हिडिओ कॉल लावला.

"देखो भाभी! कुछ नहीं हुआ!" मास्टर हवेत गोल फिरत हात हलवतायत.

काकू म्हणाल्या, "जरा वेळ ऱ्हाऊ द्या."

आता नेमकं त्याच वेळी सरावलीचा एक गिऱ्हाईक आला. त्याची गाडी देतो देतो म्हणून दादाने त्याला बराच लटकवला होता आणि आज तो भांडायच्या तयारीतच होता. "जयेश! आज गाडी मिळालीच पाहिजे!" असं गरजत आत शिरला आणि बघतो तर छताला एक माणूस टांगलेला, खाली दोघं शांतपणे बघतायत आणि एक मुलगी व्हिडिओ काढतेय.

तो तिथेच थबकला. आवाज एकदम मऊ.

"काही घाई नाही हं दादा. तुमचं चालू द्या."

* * *

आणि आता तो रविवार.

काकू आल्या! केळव्याहून, रिक्षानेच अर्थात. हिरवी साडी, अंबाड्यात अबोली. गाडीभोवती एक फेरी मारली, पट्ट्याची शिवण नखाने टोकरली, दोनदा हिसका देऊन बघितला. काका बाजूला उभे, परीक्षेचा निकाल ऐकायला आल्यासारखे.

"बसू?" काकू म्हणाल्या.

काकांनी लगबगीने दार उघडलं. काकू बसल्या. पट्टा ओढला, टक् असा आवाज झाला. जयेशदादाने टाळ्या वाजवल्या. काकांनी डोळे पुसले आणि मग घाम पुसतोय असं दाखवलं.

"चालवू जरा?" काकांनी विचारलं.

"नको. बसले ना! बास झालं. आता उतरते."

काकांचा चेहरा पार उतरला. काकूंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं. मग खाली वाकून बक्कल दाबली. एकदा, दोनदा.

"सुटत नाय गो ही," काकू म्हणाल्या.

ती बक्कल मी स्वतः पन्नास वेळा तपासली होती. मी धावले, तर काकूंनी हात झटकला. "साडी फाटंल! मी करते." दादा वाकला, त्यालाही चापट. मास्टर "भाभी, मैं देखता हूँ" म्हणाले, तर काकूंनी पदरच बक्कलीवर ओढून घेतला.

काका कासावीस. "जयेश, कटर आण! काप तो पट्टा!"

"खबरदार!" काकू कडाडल्या. "येवढी मेहनत केली पोरांनी नि कापता? घरी चला. तवर ढिली होईल ती."

"अशीच?"

"मंग कशी? गाडी चालवायला येते ना तुमाला?"

काका धावत जाऊन बसले. लाल गाडी दणक्यात सुरू झाली आणि दोघंही गेले. आम्ही तिघं रस्त्यावर उभे, जीव टांगणीला. मास्टर तर म्हणाले, रात्रभर झोप येणार नाही.

बोईसरहून केळवे किती लांब! तासाभरात फोन यायला हवा होता. दोन तास झाले, तीन झाले. ऊन उतरायला लागलं तसं मला राहवेना. मीच फोन लावला, स्पीकरवर.

"काका! सुटला का पट्टा?"

"नाय ना गो अजून!" मागून लाटांचा आवाज. "ती बोलते सुटत नाय, तर मंग चला जरा पुढं. चिंचणीला आलो, तरी नाय सुटला. डहाणूला पन नाय. आता बोर्डीला हाव."

"बोर्डीला? काका, घर उलट्या बाजूला राहिलं!"

जयेशदादाने माझ्या हातातून फोन खेचला. "काका, काकूंना द्या फोन. कुठं दाबायचं ते मी सांगतो!"

"देतो रे, देतो," काका म्हणाले. "जरा थांब. ती समोर शहाळी आनायला गेलीय."