डोहाळजेवणाआधीची तपासणी

ताईचं डोहाळजेवण मुलुंडच्या आमच्या घरी व्हायचं होतं, आणि दोन दिवस आधी तिचं बीपी वाढलं. डॉक्टरांनी रक्तातलं एक प्रथिन तपासायला सांगितलं. ते फार कमी असेल तर बाळाला पोसणाऱ्या वारेतल्या रक्तवाहिन्या नीट वाढलेल्या नसतात आणि आई-बाळ दोघांनाही धोका असतो.

रिपोर्ट मोबाईलवर आला. "तूच वाच गं, मला धीर नाही," ताई म्हणाली.

पातळी चांगली होती. डॉक्टरांनीही फोनवर सांगितलं, सध्या घाबरू नका, फक्त बीपी रोज बघा.

मी सरळ फुलवालीला फोन लावून मोगऱ्याचे दागिने सांगितले.

ताईने डोळे पुसले. "बाजूबंद सैल सांग हं. हात सुजलेत माझे."