माळकरी घरांची फिरती वही

तेलुगू मुलखातल्या आमच्या गावात शाळा पाचवीपर्यंत होती, मराठी. पुढं शिकायचं तर दूरच्या गावी वसतिगृहात राहावं लागायचं आणि तिथं आठवड्यातून दोनदा अंडी शिजत. घर आमचं माळकरी. सासऱ्यांच्या गळ्यात माळ, नवऱ्याच्या गळ्यात माळ, लग्नानंतर माझ्याही गळ्यात आली. मुलीची पाचवी झाली तेव्हा सासरे फक्त एवढंच म्हणाले, "लेकरू तिथं काय खाईन, आपल्याले थोडीच दिसणार हाय."

मी पैनगंगेपलीकडच्या एका शिक्षकाची मुलगी. दहावी झालेली. वडिलांनी मला भूमिती कणकेच्या पोळ्या कापून शिकवली होती. नवऱ्याला म्हटलं, "मी घरीच शिकवते तिला. सातवीची परीक्षा बाहेरून देता येते." नवऱ्याचं किराणा दुकान होतं. तो गूळ तोडत होता. म्हणाला, "तुले जमते, तं शिकव. मले इच्चारू नको, मले तं नऊचा पाढाच येत नाई."

अशी आमच्या ओसरीवर शाळा सुरू झाली. सकाळी हरिपाठ, मग गणित, दुपारी भूगोल. विद्यार्थी एक, शिक्षिका एक. पंधरा दिवसांत आम्ही दोघी एकमेकींना इतक्या कंटाळलो की ती गणिताच्या वेळी गाईला पाणी पाजायला जायची आणि मी तिला थांबवायची नाही.

मग बोथच्या बाजारात मला नेरडीगोंड्याकडची एक बाई भेटली. कापूस, ज्वारीचं शेत होतं त्यांचं. तिच्याही गळ्यात माळ. भाव करता करता कळलं की तिचा मुलगाही पाचवीनंतर घरीच आहे. मी विचारलं, "कोण शिकवतं?" ती म्हणाली, "मीच शिकवून राह्यली बाई. मी चौथी शिकेल, थो सहावीत. म्या त्याले शिकवतो का थो मले, कोनाले मालूम."

आम्ही दोघी तिथंच, वांग्यांच्या ढिगाशेजारी बसून हसलो. आणि त्याच हसण्यात मला सुचलं की अशी आणखी घरं असणार.

होतीच. महिनाभरात सात सापडली, एक तर पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाचं, बेज्जूरकडचं. आठवं घर आमचं. एकादशीच्या दिवशी आमच्या ओसरीवर सगळ्यांना बोलावलं. उपासाचा दिवस असल्यामुळे स्वयंपाकाची घाई कुणालाच नसायची. शेंगदाण्यांचे लाडू केले. माणसं आली वीस-बावीस आणि बोलली कशावर, तर बोंडअळीवर, कुणाच्या तरी सोयरिकीवर, आणि कुठल्या कीर्तनकाराचा आवाज बसलाय यावर. मुलांना शिकवण्याचा विषय निघालाच नाही. पुढच्या एकादशीला पाच माणसं आली. त्यातली दोन लाडवांसाठी.

मी विचार केला आणि नवऱ्याला सांगितलं, "दर घरामागं महिन्याला दोन रुपये घ्यायचे. जो देईल तोच बैठकीला येईल. आणि एक वही करायची. ती बसनं घरोघर फिरेल. ज्याला जे अडलं ते त्यानं लिहायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. वही बाहेरच्या कुणाला दाखवायची नाही."

नवरा काही म्हणायच्या आत सासरे आतून बाहेर आले. "सूनबाई, देवाधर्माच्या गोष्टीले पैसे? उद्या गावातले लोक काय म्हंतीन?"

"मामाजी, देवाचे नाहीत. वहीचे, टपालाचे, खडूचे. आणि खरं सांगू, फुकट असलं की माणूस कान देत नाही."

ते आत जायला वळले. मला वाटलं, संपलं. मग त्यांनी कमरेची पिशवी सोडली आणि दोन रुपयांची नोट माझ्या हातावर ठेवली. "मंग पयला सवाल माहा लिहा."

त्यांचा सवाल असा होता: नात म्हणते, देव सगळीकडे आहे, तर अंड्यात पण आहे का? काय सांगावं?

वही निघाली ती या सवालानं. बोथहून नेरडीगोंड्याला जाणारी बस आमच्या फाट्यावर थांबायची. कंडक्टरच्या हातात कापडात बांधलेली वही द्यायची, पुढच्या फाट्यावर कुणीतरी उतरवून घ्यायचं. बेज्जूरला ती टपालानं जायची आणि यायला इतके दिवस लागायचे की तिकडची उत्तरं सगळ्यात शेवटची, पण सगळ्यात विचार करून लिहिलेली असायची. महिन्यानं वही परत आली तेव्हा अंड्याच्या सवालाखाली चार पानं भरली होती. कुणी लिहिलं होतं, असं लेकराला बोलूच देऊ नये. कुणी लिहिलं, बोलू द्यावं, नाहीतर ते मनात विचारेल. बेज्जूरच्यांनी लिहिलं होतं की त्यांनी हाच सवाल लहानपणी केला होता आणि थोबाडीत खाल्ली होती, उत्तर अजून मिळालेलं नाही.

मी ती पानं सासऱ्यांना वाचून दाखवली. नात समोरच बसली होती. ते तिला म्हणाले, "हाय ना देव अंड्यात. म्हनून तं खात नाई." ती एवढी खूश झाली की दिवसभर तेच ज्याला त्याला सांगत फिरली.

पैसे द्यावे लागतात म्हणून असेल किंवा वही बंद कापडात फिरते म्हणून असेल, माणसं खरं लिहायला लागली. अपूर्णांक कसे शिकवायचे, मुलगी अक्षर उलटं काढते त्याला काय करायचं. आणि एकदा नेरडीगोंड्याच्या बाईनं तिच्या त्या चौथीतल्या अक्षरात लिहिलं: "काल मी पोराले लई मारलं. भागाकार येत नव्हता त्याले. खरं म्हंजे मलेच येत नव्हता. थो झोपला तवा त्याचे पाय दाबले. कोनाले सांगू नोका."

त्याखाली पाच वेगवेगळ्या अक्षरांत उत्तरं होती. एकानंही तिला उपदेश केला नव्हता. एका बापानं लिहिलं होतं, "मी पण." एवढंच. आणि मी भागाकाराची चार उदाहरणं पायरीपायरीनं सोडवून दिली, तिच्यासाठी, मुलाचं नाव पुढं करून.

पुढच्याच फेरीत वही हरवली.

बसमध्येच राहिली. नव्या कंडक्टरची ड्यूटी होती, कापडाचं गाठोडं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन दिवस मला अन्न गोड लागलं नाही. हरवलेल्या कागदांचं काही नव्हतं, पण त्या बाईचं पान त्यात होतं. मी तिला काय तोंड दाखवणार होते? नवरा दोनदा बोथच्या बसस्टँडवर जाऊन आला. कुणाला काही ठाऊक नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी दुकानासमोर बस थांबली. खरं तर तिथं थांबा नव्हता. खाकी कपड्यातला कंडक्टर उतरला, काखेत आमचं गाठोडं. माणसांनी भरलेली बस मागं तशीच उभी.

"बाई, ही तुमची वही हाय का?" त्याचं मराठी तेलुगूच्या वळणाचं होतं. "पता शोधाया उघडली. मग वाचत बसलो. चूक झाली. माफ करा."

माझा जीव भांड्यात पडला. पण म्हणजे यानं सगळं वाचलं होतं.

"मी पण काही लिवलंय," तो म्हणाला. "शेवटच्या पानावर. मराठी लिहाया येत नाही मला." आणि उत्तराची वाट न बघता तो बसकडे वळला, कारण ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता.

शेवटच्या पानावर तेलुगूत सहा ओळी होत्या. आमच्या घरात त्या कुणाला वाचता येईनात. इतकी वर्षं आम्ही या जिल्ह्यात राहत होतो, बाजारात तेलुगूत भाव करत होतो, आणि सहा ओळींपुढे अडाणी. मला फार लाज वाटली. मी वही घेऊन बोथला गेले, तिथं एका शिंप्याची बायको माझ्या ओळखीची होती. तेलुगू माणसं, पण तीही माळकरी. ब्लाउज शिवायला टाकताना गळ्यातल्या माळेवरूनच आमची ओळख झाली होती. तिनं मशीन थांबवलं, ओळी आधी मनात वाचल्या, आणि मग तिचा चेहरा बदलला.

"अक्का, हा लिहितो," ती म्हणाली, "माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. बोलताना अडकते. बडीत, म्हणजे शाळेत, पोरं हसतात. तीन महिने झाले, जात नाही. मी माळकरी नाही, घरी मांस शिजतं. पण तुमच्या वहीत कुणी कुणाला हसत नाही असं दिसलं. आम्हाला घ्याल का? दोन रुपये देईन."

वहीतच दोन रुपयांची नोट घडी करून ठेवलेली होती.

एकादशीला बैठक बसली. मी सगळं सांगितलं. काहींचे चेहरे उतरले. एक गृहस्थ म्हणाले, "आपली लेकरं वसतिगृहात पाठवली नाईत ती काऊन? आन् आता आपनच मांस खानाऱ्याले घरात घ्यायचं?" बोलणं चुकीचं नव्हतं. मी सासऱ्यांकडे बघितलं. ते नेरडीगोंड्याच्या बाईकडे बघत होते.

ती उठून उभी राहिली. बैठकीत ती कधी बोलायची नाही.

"त्यानं माहं पान वाचलं," ती म्हणाली. "वाचून कोनाले सांगलं नाई, वही आनून देली. आता त्याचं पान आपन वाचलं. मंग थो बाहेरचा कसा राह्यला?"

ती खाली बसली. सासरे म्हणाले, "इथं येईल त्या दिवशी थो उपास धरीन. बाकीच्या दिवशी त्याचं चुल्हं, त्याची मर्जी." आणि तेच ठरलं.

कंडक्टर खरंच उपास धरून आला. सोबत मुलगी, दोन वेण्या, लाल रिबिनी, बापाच्या पाठीमागं लपलेली. त्या दिवसापासून वहीची काळजी मिटली. ती कंडक्टरच्याच बॅगेत तिकिटांशेजारी फिरायला लागली. शिंप्याची बायकोही बैठकीत आली, तीही दोन रुपये देऊनच. सातवीला तेलुगूचा पेपर सक्तीचा होता आणि आम्हा आयांना त्यातलं अक्षर येत नव्हतं. ती दर बाजाराच्या दिवशी मशीन बाजूला सारून आमच्या मुलांना शिकवायची. मुलांच्या मागच्या रांगेत आम्ही चार बायका पाट्या घेऊन बसायचो. ती आमचेच कान जास्त ओढायची.

कंडक्टरची मुलगी पहिले दोन महिने काहीच बोलली नाही. ती बापाच्या बसनं यायची, माझ्या मुलीशेजारी बसून गणितं सोडवायची आणि मराठी अक्षरं गिरवायची. मग एका बैठकीत माझ्या मुलीनं हात वर केला आणि सांगितलं, "आज ही वाचणार हाय." मी घाबरले. कंडक्टर तर उठायलाच निघाला. मुलगी वही घेऊन उभी राहिली. एका शब्दावर ती इतका वेळ अडकली की बाहेर कोंबडं दोनदा आरवून गेलं. पण सगळी मोठी माणसं शांत बसून होती, जणू अभंगाचं पुढचं चरण यायचं आहे. अर्धं पान व्हायला पाव तास लागला असेल. ती थांबली तेव्हा सासरे म्हणाले, "राह्यलेलं अर्धं पन वाच, माय. कानाले बरं वाटून राह्यलं."

तिनं वाचलं.

पुढच्या उन्हाळ्यात आमची सात मुलं बोथच्या केंद्रावर सातवीला बसली. निकालाच्या दिवशी कंडक्टर पास झालेल्यांच्या यादीवरचे आपले नंबर कागदावर उतरवून घेऊन आला. आम्ही सगळे ओसरीवर जमलो होतो. तो वाचायला लागणार तर त्याच्या मुलीनं कागद ओढून घेतला. "म-म-मी," ती म्हणाली.

असा निकाल मी पुन्हा कधी ऐकला नाही. प्रत्येक आकड्यावर ती अडकायची आणि प्रत्येक आईचा श्वास अडकायचा. पहिला आकडा आला की सगळ्यांना वाटायचं आपलाच. नेरडीगोंड्याच्या बाईच्या मुलाचा नंबर पूर्ण झाला तेव्हा तिनं त्याला जवळ ओढलं, आणि तो लाजून म्हणाला, "माय, सोड ना." सहा नंबर झाले. मुलीनं कागद उलटा करून बघितला. सातवा नव्हता.

सातवा माझ्या मुलीचा होता. तेलुगूत गेली होती, हे कंडक्टर केंद्रावर विचारून आला होता.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बैठक मी काढलेली, वही माझी, आणि नापास झाली ती माझीच. मला रडू येईल असं वाटलं, पण आलं ते हसू. मुलीनं माझ्याकडे बघितलं, मी हसतेय हे बघून तीही हसली आणि म्हणाली, "आई, मी परत देते." शिंप्याची बायको मात्र हसली नाही. तिनं तिथल्या तिथं माझ्या मुलीचा हात धरला आणि दर बाजारी दोन तास, असा हुकूम सोडला.

दुसऱ्या खेपेला ती पास झाली. तेलुगूत तिला माझ्या अपेक्षेपेक्षा किती तरी जास्त गुण होते. शिंप्याच्या बायकोनं त्या दिवशी गिऱ्हाइकांकडून ब्लाउजची शिलाई घेतली नाही.

ती बैठक आणखी काही वर्षं चालली. घरं वाढली, काही गळाली. पैसे न भरता येऊ पाहणारे एक प्रवचनकार होते, त्यांना सासऱ्यांनी दारातूनच नम्रपणे परत पाठवलं. म्हणाले, इथं सगळे विचारतात, सांगणारा कोणी नाही. मग नव्वदीच्या सुरुवातीला आमच्या फाट्याजवळ हायस्कूल निघालं. तिथं वसतिगृह नव्हतं, मुलं दुपारी घरचा डबा खायची. पुढच्या जून महिन्यात आमच्या वहीतली बहुतेक मुलं तिथं गेली. मीच सगळ्यांचे अर्ज भरून दिले. मुख्याध्यापकांनी विचारलं, "ही मुलं आतापर्यंत कुठल्या शाळेत होती?" मी म्हटलं, "आठ-दहा घरांत."

त्यांनी अर्जावर काय लिहिलं ते मी बघितलं नाही. बाहेर मुलं माझी वाट बघत उभी होती, आणि कंडक्टरची मुलगी त्यांना मोठ्या आवाजात, अडखळत, काहीतरी विनोद सांगत होती. शेवट यायला वेळ लागत होता, पण एकही जण मध्येच हसला नाही. शेवट आला, आणि मग सगळे एकदम हसले.