सुर्ल्यातले ऊन उतरेपर्यंत

मी गोव्यातला सुर्ला गाव सोडला त्या सकाळी आमचा पाडेली माडावर होता. नारळ पाडायला नव्हे, रेडिओची तार बांधायला. एक टोक माडाला, दुसरे फणसाला. आई खालून ओरडत होती, "घट बांद रे, ढिली नको!" आणि इकडे माझी गाडी चुकायची वेळ आली होती. खाणी बंद पडल्यावर ट्रकवाल्यांची पोरे वाट फुटेल तिकडे गेली. मी ओडिशातल्या एका खाणीवर फिटर म्हणून निघालो. हौशी रेडिओचा परवाना माझ्याकडे होताच. मी जाणार हे ठरल्यावर आईनेही परीक्षा देऊन स्वतःचा काढला. भावकी हसली. हसो बापडी.

पाडेल्याने तार खरोखरच घट्ट बांधली. वारा सुटला, माड डुलला, तार तुटली. मग आईने फणसाकडचे टोक कप्पीवरून सोडून त्याला बाल्दी टांगली, आत खाणीची खडी. आता माड डुलतो, बाल्दी वरखाली होते आणि तार शाबूत राहते.

गावी राहिलेले आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, दोघेही विचारतात, मोबाईल असताना हे खूळ कशाला? सांगतो. फोनवर आई "बरी आसय" म्हणते आणि ठेवून देते. शिवाय आमच्या घरात कुणी कुणाचे वाक्य कधी पुरे होऊ दिलेले नाही. महाराष्ट्रातल्या दोडामार्गाकडून सुर्ल्याला ट्रक चालवायला आलेले माझे वडील म्हणायचे, "ह्या घरात बोलूचा तर हॉर्न व्हयो." रेडिओवर एकाने बोलायचे, 'ओव्हर' म्हणायचे, मगच दुसऱ्याने. आईचे पुरे म्हणणे मी परमुलखात येऊन पहिल्यांदा ऐकले.

आमचा ऐंशी मीटरचा पट्टा दिवसा लांबच्यांसाठी मुका असतो. उन्हात वातावरणाचा खालचा थर लहरी गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरतो, आणि लहरी वरच्या थरावरून परतून शेकडो मैलांवर उतरतात. अंधार माझ्याकडे आधी पडतो, म्हणून सुर्ल्यातले ऊन उतरेपर्यंत मी खरखर ऐकत बसतो. वैशाखात कुठेतरी विजा कडाडतात आणि निम्मे शब्द फुटतात. थंडीत मात्र आईच्या मागे चुरचुरणारी फोडणीसुद्धा कळते.

गेल्या थंडीत इथल्या खाणीच्या कॉलनीच्या सेक्रेटरींनी फर्मावले: गच्चीवरची तार शोभत नाही, काढा, नाहीतर क्वार्टर सोडा. परवाना दाखवला, तो त्यांनी पाहिलाही नाही. मित्र म्हणाले, बाहेरच्या माणसाने नमते घ्यावे. हे मी जन्मभर ऐकतो आहे. गोव्यात आम्ही दोडामार्गाकडचे म्हणून बाहेरचे, इथे गोव्याचे म्हणून बाहेरचे. आमचे गाव कुठले, हे दरवेळी दुसऱ्यानेच ठरवायचे का? मला राग आला आणि तो अजून आहे. तार मी काढली, पण क्वार्टरही सोडले. वस्तीच्या कडेला कौलारू घर भाड्याने घेतले. नळाला पाणी एक वेळ, कामावर जायला सायकल. जिथे तार ताणायला कुणाची मनधरणी करावी लागत नाही, ते माझे घर; ज्यांना हे कमी वाटते त्यांनी आपापल्या गच्च्या सांभाळाव्यात.

पहिल्याच संध्याकाळी तात्पुरती तार टाकून आईला कळवले. खोल्या किती, शेजार कसा, तिने काही विचारले नाही.

"झाडां केवढी उंच आसत? ओव्हर."